जालना रोडवर भुयारी मेट्रो की रस्त्यावरची हलकी रेल्वे?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सिडको, छत्रपती संभाजीनगर

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

टोरांटोला मुलाकडे राहून परतल्यानंतरही तिथल्या मराठी मंडळाने मला या पत्रव्यवहाराच्या यादीतून वगळले नाही, त्याचा फायदा घेऊन एक प्रश्न विचारतो. शेंद्र्यापासून वाळूजपर्यंत शहर आडवे ओलांडणाऱ्या मेट्रोची चर्चा आमच्याकडे काही वर्षे चालू आहे. महामेट्रोने मांडलेल्या आराखड्यात जालना रोडवर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो अशी दुमजली रचना होती. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना मात्र ती मुळीच पसंत नाही. पुण्यात सिव्हिल कोर्टापासून स्वारगेटपर्यंत गाडी जमिनीखालून धावते, मुंबईत कफ परेडपासून आरेपर्यंत धावते, मग मराठवाड्याच्या वाट्याला नेहमी उरलेसुरलेच का, असा त्यांचा सवाल आहे. दुसऱ्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध रूळ टाकून हलकी रेल्वे चालवावी, ती स्वस्तात होईल, असे म्हणणारेही आहेत. तुमच्या टोरांटोतील एग्लिंटन रस्त्यावर हाच वाद झाल्याचे स्मरते. त्यातून आम्ही काय घ्यावे?

---

प्रेषक: सभासद, टोरांटो

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपल्या मित्रमंडळींचा सवाल वाचून हसू आले, कारण ‘आम्हालाच कमी प्रतीचे का’ याच भावनेपायी या शहराने बरीच वर्षे घालवली आहेत. एग्लिंटनच्या पश्चिम भागात १९९४ मध्ये भुयारी रेल्वेचे खोदकाम सुरू झाले आणि १९९५ मध्ये प्रांतात सत्ता बदलताच ते थांबवून खड्डा चक्क बुजवण्यात आला. पुढे २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांच्या काळात हलक्या रेल्वेचे जाळे आखले गेले. २०१० मध्ये निवडून आलेल्या रॉब फोर्ड यांनी ते गुंडाळून सगळा मार्ग जमिनीखाली नेण्याचा आग्रह धरला आणि २०१२ मध्ये नगर परिषदेने त्यांच्या विरोधात मतदान करून मूळ आराखडा परत आणला. शेवटी १९ किलोमीटर आणि २५ थांब्यांच्या या मार्गाचा मधला, अरुंद रस्त्याखालचा दहा किलोमीटरहून अधिक भाग भुयारात गेला आणि पूर्वेकडे, जिथे रस्ता रुंद आहे, तिथे रूळ दुभाजकाच्या जागी आले. म्हणजे भुयार आणि हलकी रेल्वे हे एकमेकांचे वैरी नाहीत. एकच गाडी दोन्हीकडून धावू शकते.

निवड करताना पाहायचा पहिला आकडा म्हणजे गर्दीच्या एका तासात एका दिशेने किती माणसे जाणार. एग्लिंटनसाठी २०३१ चा अंदाज सुमारे ५,५०० होता, तर ‘यंग’ हा येथील मुख्य भुयारी मार्ग तासाला त्याच्या कितीतरी पट माणसे वाहून नेतो. हा आकडा न पाहता बांधले तर काय होते, हे शेपर्ड मार्गाने दाखवून दिले आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गावर पाच स्थानके आहेत आणि यंग मार्गावर सहा डब्यांच्या गाड्या असताना येथे चारच डब्यांची गाडी धावते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’साठी, म्हणजे हलक्या रेल्वेसारख्या स्वस्त मेट्रोसाठी, तासाला एका दिशेने १५,००० प्रवाशांपर्यंतची मर्यादा धरली आणि २०२० मध्ये ‘मेट्रो निओ’साठी, म्हणजे रबरी चाकांच्या विजेच्या गाडीसाठी, ८,००० पर्यंतची. शेंद्रा-वाळूजचा आकडा यांपैकी कोणत्या खणात बसतो, हे आधी मागून घ्या.

आता खर्चाबद्दल. बोगदा खणणे हेच अवघड काम, असा सर्वसाधारण समज असतो. एग्लिंटनवर बोगदे खणणाऱ्या चार यंत्रांनी आपले काम वेळेत उरकले. वर्षे गेली ती स्थानकांत. यंग मार्गाच्या १९५४ सालच्या स्थानकाखाली नवे स्थानक घालताना जुन्या बांधकामातले दोष उघडे पडले. २०२० मध्ये सुरू व्हायची गाडी त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ रखडली. स्थानक बांधायचे म्हणजे रस्ता वरून उघडावा लागतो, मशीन लावायची, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या सरकवायच्या आणि दुकानांपुढे पत्र्याचे कुंपण उभे करायचे. एग्लिंटनवरच्या ‘लिटल जमैका’ भागातील केशकर्तनालये आणि खाणावळी या कुंपणामागे अक्षरशः दिसेनाशा झाल्या व त्यांतील अनेक कायमच्या बंद पडल्या.

रस्त्यावरची गाडी स्वस्त असते, परंतु ती चौकाच्या मर्जीवर चालते. फिंच रस्त्यावरची नवी हलकी रेल्वे २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यांत ती फार संथ असल्याची ओरड झाली. स्वतंत्र रूळ असूनही गाडी तांबड्या दिव्यापाशी उभी राहते आणि रूळ ओलांडून डावीकडे वळणाऱ्या मोटारी (येथे वाहने उजवीकडून चालतात) तिच्या आधी निघून जातात, हे लोकांना सहन होईना. तेव्हा नगर परिषदेला सिग्नलवर रेल्वेला अधिक प्राधान्य देण्याचा ठराव करावा लागला. तेव्हा काका, खरा प्रश्न रुळांचा नसून चौकात कोणी थांबायचे याचा आहे, असे माझे मत आहे.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्र फिरायला येणाऱ्या मंडळींना वाचून दाखवले. खड्डा बुजवल्याचा भाग त्यांना विशेष आवडला. आमच्या शहरातही असा खड्डा बुजवला जाईल, यावर मात्र कोणाचा विश्वास बसला नाही.

तुझे चौकाबद्दलचे म्हणणे मला पटते, परंतु त्यातूनच माझा निष्कर्ष उलटा निघतो. बांधकाम खात्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, जालना रोडवर दुभाजकाची जागा आता मोकळी राहिलेली नाही. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको या ठिकाणी उड्डाणपुलांचे खांब आणि उतार नेमके तिथेच बसले आहेत, जिथे तुमचे रूळ यायला हवेत. रूळ पुलाच्या कडेने न्यावेत तर सेवा रस्ता जातो आणि त्या सेवा रस्त्यावरच शेअर रिक्षा, कंपन्यांच्या बस आणि भाजीच्या गाड्या उभ्या असतात. शिवाय गर्दीच्या वेळी आमचा सिग्नल बंद करून हवालदार हाताने वाहतूक सोडतो. त्याच्याकडून गाडीला प्राधान्य कसे मिळवणार? म्हणून क्रांती चौक ते सिडको एवढ्या टप्प्यात वरून जाणेच योग्य. त्यापुढे चिकलठाण्याकडे आणि पश्चिमेला छावणी ओलांडल्यावर वाळूजच्या बाजूला, जिथे रुंदी मिळेल तिथे, गाडी खुशाल जमिनीवर उतरावी.

भुयार नको म्हणताना मी मंडळींना वेगळे कारण दिले. आमचा काळा बेसाल्ट बोगद्याला वाईट नाही. पण मार्ग उद्या गुलमंडीच्या बाजूने वळवला, तर खाली मलिक अंबरच्या काळापासूनची नहर-ए-अंबरी ही जमिनीखालची पाणीवाहिनी आहे. तिच्या खापरी नळांच्या फाट्यांचा पूर्ण नकाशा हाती असल्याशिवाय तिथे स्थानकाचा खड्डा घेणे हा अविचार ठरेल.

राहिला तुझा तो एका तासाचा आकडा. आमच्याकडे दोन्ही टोकांना औद्योगिक वसाहती असल्यामुळे गर्दी कचेऱ्यांच्या वेळेवर अवलंबून नाही, ती पाळी सुटण्याच्या वेळेवर अवलंबून आहे, आणि ती दोन्ही दिशांना एकाच वेळी असते. कंपन्यांच्या बस त्यातली बरीच माणसे उचलतात. या बस मोजणीत धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे मी महापालिकेला लेखी विचारणार आहे, कारण त्यावर सगळा हिशेब वरखाली होईल.

एक काम कर. एग्लिंटनच्या पूर्व भागात जिथे गाडी रस्त्याच्या मधोमध थांबते, तिथे म्हातारी माणसे फलाटापर्यंत रस्ता कसा ओलांडतात, त्याची छायाचित्रे आणि फलाटाची साधारण रुंदी पाठव. माझ्या पत्राला ती जोडायची आहेत.