रेड कार्पेटवरचे भारी दागिने हलत कसे नाहीत?

मधली_कडी
२०१९ च्या ऑस्करला लेडी गागाच्या गळ्यात टिफनीचा १२८.५४ कॅरेटचा पिवळा हिरा होता. असे दागिने बहुतेक वेळा उसने आणलेले असतात, हे ठाऊक आहे. पण एवढा ऐवज तासन्‌तास जागच्या जागी राहतो कसा? आणि हरवला किंवा तुटला तर भुर्दंड कुणाला?

फिरकी_घट्ट
आधी वजन बघा. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे तो हिरा २६ ग्रॅमच्या आत. गळ्याला हे काहीच नाही, खरा प्रश्न कानांचा. अँजेलिना जोलीने २००९ च्या ऑस्करला घातलेल्या कानातल्यांत दोन्ही मिळून ११५ कॅरेट पाचू होते. एका कानाला नुसता खडाच साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, धातू वेगळा. साध्या फिरकीवर एवढा भार टाकला की पाळी ओढली जाते आणि कानातलं पुढे झुकतं. म्हणून पाळी आणि फिरकी यांच्यामध्ये रुंद पारदर्शक चकती घालतात. दांडीबरोबर मागून क्लिपही असेल तर उत्तमच.

हाराचं दुखणं वेगळं. लोलक असेल तर तो हाराला सरळ ठेवतो. सगळीकडे सारख्या वजनाचा हार मात्र फिरतो, कारण त्यात फासाच जड असतो आणि तो मानेवरून हळूहळू पुढे येतो. उघड्या गळ्यावर मागच्या धातूला दुहेरी टेप लावतात. त्वचेवर चकाकीचं तेल असेल तर ती टिकणार नाही, तेवढी जागा आधी स्पिरिटने पुसा. गाऊनच्या काठावर टेकणारा हार दोन-चार टाक्यांनी धरतात. दोरा धातूच्या कडीतूनच जाऊ द्या. खडा धरणाऱ्या काट्यात अडकला तर काटा उचकटतो, आणि खडा कधी पडला ते कळतही नाही.

तिजोरीची_किल्ली
भुर्दंडाचं उत्तर करारात असतं. विमा दागिनेवाल्यांचा की नेणाऱ्यांचा, हे लिहिलेलं नसेल तर दागिना ताब्यात घेऊच नये. देताना आणि परत घेताना फोटो, खड्यांची मोजदाद, आधीचे ओरखडे आणि सही. दागिना नजरेआड ठेवला तर विमा लागू न होण्याची अट सर्रास असते. सोबतचा रक्षक त्यासाठीच असतो, मिरवायला नाही.

बाकी सगळंच उसनं नसतं. एलिझाबेथ टेलरने १९७० च्या ऑस्करला घातलेला ६९.४२ कॅरेटचा हिरा घरचा होता. अंगठीत जड वाटला म्हणून तिने तो हारात बसवून घेतला होता.

ओपल_सांभाळा
एक राहिलं: क्रम. केसांचा स्प्रे, अत्तर, पावडर सगळं आधी, ते वाळल्यावर दागिने. हिऱ्यावर थर बसला तर धुता येतो. मोत्याचा वरचा थर अत्तराने, घामाने निस्तेज होतो. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, त्याला अल्ट्रासॉनिक यंत्रात (ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या) घालायचं नाही. ओपलमध्ये पाणी असतं, कोरड्या उष्णतेत तो तडकू शकतो.

मधली_कडी
आणि ते टाके रात्री काढायचे कसे?

फिरकी_घट्ट
हार अंगावर असताना फासा उघडू नका, नाहीतर सगळं वजन टाक्यांवर येतं. एकाने हार तळहातावर धरायचा, दुसऱ्याने बोथट टोकाच्या कात्रीने दोरा गाऊनच्या बाजूने कापायचा. कडीत राहिलेले तुकडे नंतर चिमट्याने काढा.