'रेझिस्टंट' जंतू: प्रतिरोधी, सरावलेले की दाद न देणारे?

प्रश्न (ठाणे): अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. कल्चर रिपोर्टमधल्या (कुठले जंतू आहेत आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं, हे सांगणारा तपासणी अहवाल) 'रेझिस्टंट'ला मराठीत काय लिहावं? 'प्रतिकार' म्हटलं की लोकांना रोगप्रतिकारशक्ती आठवते.

उत्तर (डोंबिवली): शरीराचा तो 'प्रतिकार', जंतूंचा तो 'प्रतिरोध', असा भेद करता येतो. पण बाहेर बाकड्यावर रात्र काढलेल्या माणसाला तो कसा कळणार? 'औषधांना सरावलेले जंतू' लिहा.

उत्तर (नेरूळ): मी आयसीयूत परिचारिका आहे. ताई, 'सरावलेले' कृपा करून नको. "पेशंटला अँटिबायोटिकची सवय झाली, म्हणून लागू पडत नाही" हे आम्ही सतत ऐकतो, आणि हा शब्द त्याच समजुतीला बळ देतो. सवय शरीराला होत नाही, एकेका जंतूलाही नाही. औषधाने साधे जंतू मरतात. ज्यांच्याकडे औषध निकामी करणारं जनुक असतं ते उरतात आणि वाढतात. क्लेबसिएलासारखे जंतू ते जनुक प्लाझमिडवाटे (जंतूतला डीएनएचा छोटा, सुटा तुकडा) दुसऱ्या जंतूंनाही देतात. म्हणून ज्याने वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यालाही असे जंतू व्हेंटिलेटरच्या नळीतून, सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा कुणाच्या न धुतलेल्या हातांवरून लागू शकतात. 'सवय' म्हटलं की दोष पेशंटच्या माथी जातो आणि आमच्या, तुमच्या हातांकडे कुणी बघत नाही. याचा मला फार त्रास होतो.

सरळ लिहा: 'हे जंतू मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.' कर्ता जंतूच राहतो.

उत्तर (डोंबिवली): पटलं. 'निर्ढावलेले' सुचवणार होतो, पण त्यातही सरावाचीच छटा आहे.

प्रश्नकर्ती: 'दाद देत नाहीत' घेते. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला 'शेवटचं औषध' चालेल?

उत्तर (नेरूळ): नको, माणसं हबकतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली प्रतिजैविकांचे तीन गट केले, त्यात कोलिस्टिन राखीव गटात आहे. 'राखीव औषध' लिहा. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, तेही त्याच ओळीत सांगा.

प्रश्नकर्ती: आणि 'कॉलनायझेशन'? जंतू सापडले, पण आजार नाही.

उत्तर (डोंबिवली): 'जंतूंनी बस्तान बसवलंय, संसर्ग नाही.'

उत्तर (नेरूळ): छान आहे. फक्त पुढे जोडा: यासाठी सहसा अँटिबायोटिक देत नाहीत, पण पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचेच.