अमेरिकेत आशियाईविरोधी भेदभावाच्या घटनांची नोंद: फॉर्ममध्ये काय विचारावं, काय नाही? (चर्चा; प्रत्येक भागाआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा:
कॅलिफोर्नियातल्या तीन-चार भारतीय आणि चिनी मंडळांचे स्वयंसेवक मिळून एक साधा ऑनलाइन फॉर्म करायचा विचार आहे. रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात कुणाला 'तुमच्या देशात परत जा' ऐकावं लागलं, धक्काबुक्की झाली, तर ते एका जागी नोंदलं जावं. पोलिसांकडे जायला बरेच जण कचरतात, म्हणून हा खटाटोप. 'स्टॉप एएपीआय हेट' (आशियाई-अमेरिकन आणि पॅसिफिक बेटांच्या लोकांविरुद्धच्या द्वेषाच्या घटना नोंदवणारा उपक्रम) आधीपासून आहेच, मग वेगळी नोंद ठेवण्यात अर्थ आहे का? आणि ठेवली तर पुढे पोलिसांना किंवा वकिलाला उपयोगी पडेल अशी कशी ठेवायची?

गाळणी:
अर्थ आहे, पण त्यांची नक्कल करू नका. 'स्टॉप एएपीआय हेट' मार्च २०२० मध्ये सुरू झालं. लॉस एंजेलिसकडची एक संस्था-आघाडी, 'चायनीज फॉर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाचा आशियाई-अमेरिकन अभ्यास विभाग यांनी मिळून ते उभं केलं. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ११,५०० नोंदी आल्या, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश तोंडी छळाच्या. म्हणजे यातलं बहुतेक काही पोलिसांच्या आकडेवारीत कधी आलंच नसतं. स्थानिक गटाचं खरं काम पुढचं आहे: फॉर्म भरायला बसवणं, भाषांतर, सोबत जाणं, पाठपुरावा.

फॉर्म दहा मिनिटांत भरून झाला पाहिजे. तारीख, वेळ आणि जागा अगदी चौकापर्यंत ('बस स्टॉपजवळ' याला काही अर्थ नाही, बसचा क्रमांक आणि दिशा हवी). मग उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'वंशद्वेषी शिवीगाळ केली' असं लिहिलं की नोंद मेली, कारण हेतू शब्दांवरूनच सिद्ध होतो. मराठीत सांगणाऱ्याकडूनही मूळ इंग्रजी शब्द काढून घ्या, भाषांतर खाली वेगळं. शिवाय समोर किती जण होते, साक्षीदार कोण, इजा, नुकसान, आणि आधी कुठे तक्रार केली का.

इमिग्रेशन स्टेटस विचारूच नका. जी माहिती तुमच्याकडे नाही, ती कोर्टाचं समन्स आलं तरी मागता येत नाही. नाव-फोन वेगळ्या फाइलमध्ये, घटना वेगळ्या फाइलमध्ये, दोन्ही जोडणारा फक्त एक क्रमांक. नावांची फाइल दोनच जणांकडे. परवानगीचे रकाने तीन ठेवा: आम्ही संपर्क करू का, नाव गाळून अहवालात घेऊ का, पत्रकाराला द्यायचं का. एकच 'मी सहमत' ठेवलात तर पुढे कटकट नक्की.

दस्त_अ:
कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

'हेट क्राइम' (द्वेषातून केलेला गुन्हा) आणि 'हेट इन्सिडंट' (द्वेषाची, पण गुन्हा न ठरणारी घटना) यांची गल्लत होते. रस्त्यात ओरडून कोणी घाणेरडं बोललं तर धमकी नसल्यास बहुधा गुन्हा नाही, अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं (भाषणस्वातंत्र्याचं) संरक्षण त्यालाही आहे. मारहाण, धमकी, तोडफोड हा मूळ गुन्हा असावा लागतो, वर द्वेषाचा हेतू. हे फॉर्म भरून घेतानाच सांगा, नाहीतर 'पोलिसांनी काहीच केलं नाही' म्हणून माणूस तुमच्यावरच नाराज होतो. चुकीच्या ओळखीवरून हल्ला झाला तरी तो हेट क्राइम ठरू शकतो, कारण फेडरल (केंद्रीय) कायदा 'असलेली किंवा समजली गेलेली' ओळख पाहतो. कॅन्सासमधल्या ओलेथ इथे २०१७ मध्ये श्रीनिवास कुचिभोटला यांची हत्या झाली, तिथे हल्लेखोराने त्यांना इराणी समजलं होतं, आणि फेडरल हेट क्राइमची शिक्षा झालीच.

पोलिसांकडे गेलात तर रिपोर्ट क्रमांक घ्या, आणि उच्चारलेले शब्द अधिकाऱ्याच्या लेखी वर्णनात अवतरणात आहेत का ते बघा. तिथे 'वादावादी' एवढंच राहिलं तर पुढे फिर्यादी वकिलाला धरायला काही उरत नाही. आधी मात्र पुरावा: दुकानाचं किंवा बसचं फुटेज बऱ्याचदा काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून 'अमुक तारीख, अमुक वेळ जपून ठेवा' असं लेखी पत्र त्याच दिवशी पाठवा. फोनवरचा व्हिडिओ मूळ फाइल म्हणून ठेवा; व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दबलेली असते, वेळ-ठिकाणाची माहिती निघून गेलेली असते. आणि कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करता येत नाही. भर रस्त्यातला आरडाओरडा त्यात सहसा मोडत नाही, बंद दाराआडची मीटिंग मोडते.

नोकरीतला भेदभाव हा वेगळाच रस्ता. फेडरल समान रोजगार संधी आयोगाकडे (ईईओसी) तक्रारीची मुदत १८० दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३०० दिवस. घराच्या भाड्याबाबत फेडरल गृहनिर्माण विभागाकडे एक वर्ष. म्हणून आलेली नोंद आठवडाभरात कुणीतरी चाळलीच पाहिजे.

आकडेमोड:
अहवाल काढणार असाल तर एक वाक्य ठळक टाका: हे स्वतःहून कळवलेल्या घटनांचे आकडे आहेत, लोकसंख्येमागे घटनांचं प्रमाण नव्हे. नोंदी वाढल्या म्हणजे घटना वाढल्या असं नाही. फॉर्मचा प्रचार केला तरी वाढतात. बळी आणि साक्षीदार दोघांनी भरलं की एकच घटना दोनदा मोजली जाते. तारीख, जागा आणि शब्द ताडून बघा, पण दुसरी नोंद पुसू नका, पहिलीला जोडा.

एफबीआयचे आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. स्थानिक पोलिसांनी एफबीआयला कळवणं ऐच्छिक आहे, आणि शून्य कळवणारी पोलिस खातीही पुष्कळ. २०२१ मध्ये नवी नोंदणी पद्धत सक्तीची केली तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारखी मोठी खाती सुटली आणि एकूण आकडा घसरलेला दिसला; पुढे पुरवणी आकडे काढावे लागले. शिवाय 'आशियाईविरोधी' हा वंशाचा रकाना, 'हिंदूविरोधी' आणि 'शीखविरोधी' हे धर्माचे. एका घटनेत दोन्ही हेतू असू शकतात, पण लिहून घेणाऱ्याने एकच टिचकी मारली तर दुसरा गायब.

उंबरठा:
परवानगीचे तीन रकाने हे डोक्यातच नव्हतं. ज्याला पोलिस नकोत आणि आमच्याकडे वकीलही नाही, त्याला कुठे पाठवायचं?

गाळणी:
'सीए व्हर्सेस हेट'कडे ('सीए' म्हणजे कॅलिफोर्निया). राज्याच्या नागरी हक्क विभागाची २०२३ पासूनची सेवा आहे, पोलिसांची नाही. निनावी कळवता येतं, फोनवर २०० हून अधिक भाषांत दुभाषी मिळतो, आणि समुपदेशन किंवा कायदेशीर मदतीपर्यंत पोचवून देतात. पहिला फोन तुमच्या स्वयंसेवकाने बाजूला बसून लावून द्यावा. नुसता नंबर हातात दिला तर बरेच जण फोन करतच नाहीत.