अरुंद वळणावर ट्रक अडकल्यावर डोके शांत कसे ठेवावे? मदत हवी आहे

लातूरच्या आडत बाजारातून सोयाबीन भरून मी दहाटायर ट्रक चालवतो. मांजरसुंब्याच्या घाटात मला अडचण येत नाही; ती येते तालुक्याच्या गावातल्या अरुंद वळणावर, जिथे एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे शेड, वर लोंबत्या तारा आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या दुचाक्या असतात. चौघेजण चार बाजूंनी "घ्या, घ्या" म्हणत हात करू लागले की हातांना घाम सुटतो आणि स्टिअरिंग कोणत्या बाजूला किती वळले आहे, याचेच भान राहत नाही.

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतल्या हवेचा दाब उतरतो, म्हणून मी आधी हँडब्रेक लावतो आणि शक्य असल्यास खाली उतरून मागची बाजू पाहून येतो. इशारा फक्त क्लीनरचा मानायचा, हेही ठरवले आहे. पण गोंगाटात त्याचा आवाज बुडतो आणि तो आरशातून दिसेनासा झाला की धडधड परत सुरू होते. सावकाश श्वास घेण्याचा उपाय गाडी उभी असेपर्यंतच लागू पडतो.

गाडी मालकाची असल्यामुळे कॅमेरा बसवणे माझ्या हातात नाही आणि बहुतेक ठिकाणी दुसरा रस्ताही नसतो. झोप पुरेशी होते, व्यसन नाही, रक्तदाबही तपासून घेतला असून तो ठीक आहे.

जाणत्या चालकांनी कृपया सांगावे: गर्दीत गाडी मागे घेताना मन एकाच गोष्टीवर राहावे म्हणून आपण नेमके कशाकडे पाहता, आणि ओरडणाऱ्या लोकांना गाडीपासून दूर करण्यासाठी त्यांना काय म्हणता?