अनुभव धागा : शाळेच्या ग्रंथालयात तुम्ही काय शोधायला शिकलात?

बहुतेक शाळांत ग्रंथालयाची खोली वेगळी आणि संगणकाची वेगळी असते. तास वेगळे, शिक्षक वेगळे. गेली आठ वर्षं मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते आहे आणि माझं मत असं झालंय की या दोन्ही खोल्यांत मुलं एकच गोष्ट शिकतात : हवं ते शोधायचं कसं आणि सापडलेलं पारखायचं कसं. विद्यार्थी, शिक्षक, पालक, ग्रंथपाल, सगळ्यांनी लिहा. शाळेचं नाव नको, पण घडलं ते नेमकं सांगा. सुरुवात मीच करते.

चौथीतला एक मुलगा कुत्र्यांवरचं पुस्तक शोधत प्राण्यांच्या फळीपाशी गेला. तिथे ५९९ क्रमांकात वाघ होता, हत्ती होता, लांडगा आणि कोल्हाही होते. कुत्रा नव्हता. तो सापडला दोन कपाटं सोडून, ६३६.७ मध्ये. "लांडग्याचा भाऊबंद इतक्या लांब का राहतो?" असं त्याने विचारलं. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये पुस्तकांना असे क्रमांक देण्याची ही दशांश पद्धत मांडली तेव्हा विभागणी ज्ञानशाखांप्रमाणे केली. रानातले प्राणी प्राणिशास्त्रात गेले आणि पाळीव प्राणी शेतीच्या वर्गात. पुस्तक फळीवर एकाच जागी उभं राहू शकतं, हेही त्याला सांगितलं. मग त्याला संगणकातली पुस्तकांची तालिका उघडून दाखवली. तिथे एका पुस्तकाला हवे तितके शोधशब्द देता येतात. त्याने स्वतः तीन दिले : कुत्रा, पाळीव प्राणी, लांडग्याचा नातेवाईक. तिसरा शब्द मी अजून तसाच ठेवलाय. त्या आठवड्यात आणखी अकरा मुलं आपापल्या पुस्तकांना शब्द द्यायला आली.

संगणक शिक्षक

आमच्याकडे दाखल नोंदवहीतली दीड हजार पुस्तकं संगणकावर चढवायची होती. सातवीची मुलं मदतीला आली, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख-क्रमांक, टाकताना चुका व्हायला लागल्या. तेव्हा त्यांना या क्रमांकाची गंमत सांगितली. तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला नाही, तर कुठेतरी आकडा चुकलाय. मुलांनी स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या मुलांसाठीच्या भाषेत, तपासणीचा प्रोग्राम लिहिला. दोन तासिका लागल्या, पण एरवी फळ्यावर जे 'चल' आणि 'पुनरावृत्ती' शिकवायला मला महिना लागतो, ते इथे गरजेपोटी आलं.

खरी मजा पुढे. एक मुलगी म्हणाली, "सर, शेजारचे २ आणि ७ उलटे टाकले तरी हा बरोबरच म्हणतो." मला वाटलं प्रोग्राम चुकला. कागदावर मांडून पाहिलं. शेजारच्या आकड्यांची अदलाबदल झाली की बेरीज त्यांच्यातल्या फरकाच्या दुपटीने बदलते. फरक ५ असेल तर बदल १० चा, म्हणजे पकडलाच जात नाही! २००७ पूर्वीच्या दहा आकडी क्रमांकात आकड्यांना १० ते १ ने गुणून आलेल्या बेरजेला ११ ने भाग जायचा, त्यात ही चूक सुटत नव्हती. जुनी पुस्तकं काढून तिने तेही ताडून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद क्वचित झालाय.

माजी विद्यार्थी

आमच्या शाळेत पुस्तकं होती, पण कुलूपबंद. काचेतून पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचायचो. पुस्तक हरवलं तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने ते कपाट पाहुणे आले तरच उघडायचं. तपासणीला पुस्तकं नवीकोरी दिसत. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयाचा पहिला नियम सांगून ठेवला होता की पुस्तकं वापरासाठी असतात. तो मला पुढे कॉलेजात कळला आणि राग आला.

दुसरीच्या वर्गशिक्षिका

माझ्या वर्गातली एक मुलगी मोठ्याने वाचायचंच नाही म्हणायची. ग्रंथालयातल्या टॅबवर आवाज ध्वनिमुद्रित करायची सोय होती. ती कोपऱ्यात बसून चित्रकथा वाचायची, मग स्वतःचाच आवाज ऐकायची. तिचं तिलाच कळलं की जोडाक्षर आलं की ती शब्द गिळते. पुन्हा वाचायची, पुन्हा ऐकायची. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिने ते ध्वनिमुद्रण पहिलीच्या मुलांना ऐकवायला दिलं, आणि आता पहिलीची मुलं तिला शोधत येतात.

एक शिक्षक

माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवतो. आमच्याकडे संगणक आले तेव्हा जागा हवी म्हणून ग्रंथालयाची खोली दिली गेली. पुस्तकं खोक्यांत गेली. ग्रंथपाल निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरलीच नाही. मुलं संगणकावर पहिलं सापडेल ते वहीत उतरवतात. कोणी लिहिलं, कधी लिहिलं हे विचारायला लावणारं माणूसच त्या खोलीत नाही. यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही. माणूस काढून घेतला, ही आहे.

पालक

छोटासा अनुभव. मुलीच्या शाळेतल्या ग्रंथपालांनी मुलांना विकिपीडियाच्या लेखावरचा 'इतिहास पाहा' हा भाग दाखवला : कोणी कधी काय बदललं ते. तेव्हापासून फोनवर आलेला प्रत्येक संदेश ती "हे मुळात कोण म्हणालं?" असं विचारून परत करते. आजीलाही!

दृष्टिबाधित मुलांना शिकवणारी

आमच्या मुलांसाठी पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, हेच पुस्तक. २००६ पासून एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत मिळतो, त्यामुळे संगणक असला की सोय होते. अडचण मजकुराची. ग्रंथालयाकडे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या खूप मराठी गोष्टी होत्या. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी फक्त देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'किरण' दिसतं, पडदावाचकाला मात्र रोमन अक्षरांचा कचरा ऐकू येतो.

नववीच्या मुलांनी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेतांक असलेल्या पद्धतीत, रूपांतर करायला घेतलं. रूपांतरकाने रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडे टाकली, कारण ही वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये साठवली जाते नंतर. मुलांनी ओळ न् ओळ तपासली. शुद्धलेखनाला नाकं मुरडणारी मुलं 'कि' आणि 'की' वर वाद घालत होती, कारण चूक राहिली तर त्यांच्या मित्राला चुकीचं ऐकू येणार होतं.

प्रकाशित पुस्तकांचा प्रश्न वेगळा. २०१३ चा माराकेश करार २०१६ मध्ये लागू झाला. तो स्वीकारलेल्या देशांत, दृष्टिबाधित वाचकांसाठी वाचनसुलभ प्रती करताना दर वेळी प्रकाशकाची परवानगी मागावी लागू नये, अशी त्याची रचना आहे. आपल्या ग्रंथपालांना हे माहीत आहे का, जरूर विचारा.

धागाकर्ती

खोक्यांत पुस्तकं असलेल्या सरांना : सगळी खोली परत मिळेपर्यंत थांबू नका. एक खोकं वर्गात उघडा, देवघेवीची वही दोन मुलांकडे सोपवा. मी अशीच सुरुवात केली होती. यादी करायला मदत हवी असेल तर इथेच लिहा, संगणक शिक्षकांचा तो स्क्रॅच प्रोग्रामही मला हवाच आहे.

तेच शिक्षक

आज एक खोकं उघडलं. बेचाळीस पुस्तकं. मधली सुट्टी संपेपर्यंत सत्तावीस गेली. वही सहावीच्या दोघींकडे आहे.