मदत हवी आहे: मे महिन्यात रामटेक, नगरधन, सीताबर्डी. सोबत सासूबाई आणि दोन मुलं

नमस्कार मंडळी. "मे महिन्यात नागपुरात फिरायचं? डोकं फिरलंय का?" हे सोडून काहीही सांगा. ते घरात सगळ्यांचं सांगून झालं आहे.

नणंद मुलांना घेऊन ठाण्याहून येते आहे, २९ एप्रिल ते १० मे. भाचा बारा वर्षांचा, भाची नऊची. भाच्याने मागच्या दिवाळीत जेवणाच्या ताटावर जाहीर केलं होतं की, "मामी, तुमच्याकडे किल्ले नाहीत, फक्त संत्री आहेत." राजगड, लोहगड पाहून आलेला मुलगा, त्याचं काय चुकलं म्हणा. पण मला ते लागलं. म्हणून यंदा त्यांना इथलं काहीतरी दाखवायचंच असं ठरवून बसले आहे.

अडचणी दोन. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि लेक-नातवंडं आल्यावर त्या घरी थांबणार नाहीत. दुसरी म्हणजे ऊन. मागच्या मे महिन्यात मी स्वतःच्या मुलाला नगरधनला घेऊन गेले होते. निघता निघता साडेनऊ झाले, किल्ल्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तटावर सावलीचं नाव नाही. पोरगा परतीच्या वाटेवर गाडीत ओकला, रात्री ताप, दुसऱ्या दिवशी सलाईन. चूक आमचीच, पाण्याची एकच बाटली नेली होती आणि टोपी गाडीत राहिली होती. तेव्हापासून नवरा "नगरधन" म्हटलं की माझ्याकडे नुसतं बघतो.

डोक्यात असलेली नावं: रामटेक, नगरधन, सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला (नागपूरचं संग्रहालय), जुनापाणीची शिलावर्तुळं, सेवाग्राम. गाडी आहे, सात माणसं बसतात. रामटेकला सासूबाईंना किती पायऱ्या चढाव्या लागतील? कुठे अर्धा दिवस पुरतो, आणि मे महिन्यात कुठे अजिबात जाऊ नये?

काटोलनाका
ताई, जुनापाणी पहिले खोडा. मी त्याच बाजूला राहतो म्हणून सांगून राहिलो. जागा लाखमोलाची आहे, लोहयुगातली दफनं, दगडांची मोठमोठी वर्तुळं, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये तिथे खोदकाम केलं होतं. पण सगळं उघड्या माळावर. पोट्ट्यांना मे महिन्यात तिथे उभं केलं तर त्यांना वर्तुळं नाही, तारे दिसतील. डिसेंबरमध्ये बोलवा त्यांना परत.

गडावरचा
रामटेकचं मी सांगतो, माझं आजोळ तिथलं.

पायऱ्यांची चिंता सोडा, गाडी गडावर बरीच वरपर्यंत जाते. पुढे थोडं चालणं आणि थोड्या पायऱ्या आहेत, आजींनी हात धरून सावकाश जावं. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढायचा उत्साह कोणी दाखवला तर त्याला एकट्याला पाठवा. घरून पहाटे पाचला निघा. मे महिन्यात साडेपाचच्या आसपास उजाडतं, पन्नासेक किलोमीटर अंतर, म्हणजे ऊन चढायच्या आत तुम्ही वर असता. नऊला गड सोडायचा, हा नियम समजा.

वर देवदर्शन झालंच पाहिजे, पण भाच्यासाठी खरी गोष्ट वाकाटकांची आहे, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याची. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन्ही मंदिरं पाचव्या शतकातली. आत लाल दगडाची भलीमोठी बसलेली मूर्ती. जाड दगडी भिंती असल्यामुळे आत गारवा असतो, तिथे आजींना बसवा. एक वराहही आहे, भलामोठा. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पलीकडे जातो तो निष्पाप, अशी गावातली समजूत. नऊ वर्षांची मुलगी सहज जाईल, बापाने प्रयत्न करू नये.

पायमोजे न्या! चपला काढल्यावर फरशी आठ वाजताच चटके द्यायला लागते. आणि हातात खाऊ धरू नका, माकडं हिसकतात.

नगरधन टाळू नका, फक्त क्रम बदला. सहाला नगरधन, मग रामटेक. आताचा किल्ला भोसल्यांच्या काळातला, पण नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. गावाच्या परिसरात उत्खनन झालं तेव्हा प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, इथे सून म्हणून आली, नवरा लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून राज्य तिने चालवलं. तिच्या एका ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे. रामगिरी म्हणजे हेच रामटेक. तुमच्या भाच्याला सांगा, शिवनेरीच्या बाराशे वर्षं आधी इथे एक बाई राज्य करत होती.

(शिवनेरीचं वर्ष काढत बसू नका, मी शिवजन्माच्या हिशेबाने बोलतोय.)

बर्डीवाला
तुमची तारीख भारी जमली आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य लोकांना वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. पाहुणे २९ ला येताहेत म्हणजे महाराष्ट्र दिन हातात आहे. पण त्या दिवशी अर्धं नागपूर तिथेच असतं. सकाळी उघडायच्या वेळेला रांगेत हजर राहा, ओळखपत्रं ठेवा, पिशव्या कमी न्या. वेळ आदल्या दिवशीच्या पेपरात बघा.

मुलांना लढाईची गोष्ट आधी घरी सांगा, नाहीतर वर फक्त झाडं आणि भिंती दिसतात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. दोन टेकड्या, मोठी आणि छोटी. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी इंग्रजांकडून छोटी टेकडी घेतली होती, मग ती हातची गेली. वर उभं राहिलं की मोठ्या टेकडीवरून छोटी कुठे, हे पोरांना स्वतः शोधू द्या.

वर्धेकर
सेवाग्रामला सासूबाई सगळ्यात खूश होतील. सपाट, झाडं भरपूर, आणि मातीच्या कुटीत मे महिन्यातही शिरलं की फरक कळतो. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, बापूकुटी आधी मीराबेनसाठी बांधलेली होती. येताना पवनारला धाम नदीवर थांबा. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना सापडलेली जुनी शिल्पं लावलेली आहेत. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींच्या मते वाकाटकांची नंतरची राजधानी प्रवरपूर ती हीच. रामटेकजवळच्या मनसरचे लोक म्हणतात, आमचं. वाद चालू आहे, मी अर्थातच पवनारचा.

काटोलनाका
दुपारी कुठे जायचंच असेल तर अजब बंगला. १८६३ चा आहे, आणि डोक्यावर छत आहे. सुट्टीचा दिवस बघून जा. बाकी दुपारी बारा ते पाच कूलर, आंब्याचं पन्हं आणि पत्ते. हासुद्धा आपला वारसाच आहे ना जी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! असं ठरलं: १ मे सीताबर्डी, ३ तारखेला नगरधन आणि रामटेक, त्यानंतर एक दिवस सेवाग्राम-पवनार. जुनापाणी खोडलं. नवऱ्याला "नगरधन सहा वाजता" असं सांगितलं तर म्हणाला, सकाळचे की संध्याकाळचे? म्हणजे जमेल असं दिसतंय.

एक राहिलं. गडावरून उतरल्यावर नाश्त्याला रामटेकात कुठे थांबावं? सासूबाईंना तिखट चालत नाही, नणंदेला तर्री पोहेच हवेत.