मदत हवी आहे: मावळतीच्या पोर्ट्रेटसाठी एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) की हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही चालणारा फ्लॅश)?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या पूर्व काठावर, मावळता सूर्य मॉडेलच्या (म्हणजे आतेबहिणीच्या, फुकटातल्या) पाठीमागे ठेवून पोर्ट्रेट काढतोय. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी, ५० मिमी एफ १.८ लेन्स.

चेहऱ्यावर मीटरिंग केलं (चेहऱ्यावरचा उजेड मोजून एक्स्पोजर ठरवलं) की आभाळ पांढरंफटक, आभाळ सांभाळलं की चेहरा काळाठिक्कर. रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलमध्ये सावल्या उजळवल्या तर गालावर नॉइज (दाणे) आणि केसांच्या कडेला राखाडी झाक. रिफ्लेक्टरचं तळ्यावरच्या वाऱ्यात शीड होतं, धरायला माणूस नाही, बहीण डोळे मिचकावते ते वेगळंच. मित्राचा साधा मॅन्युअल फ्लॅश लावला, तर शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगवान केलं की फ्रेममध्ये काळा पट्टा. १/२०० वरच थांबायचं तर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ५.६ च्या आसपास जावं लागतं, मग मागची धूसरता गेलीच की!

सावलीत काढ, ढगाळ दिवस बघ, हे नको राव. मला तेच तांबूस आभाळ हवंय. बजेट सात हजार, सामान गाडीवरून एकट्यानं न्यायचं. साध्या फ्लॅशसोबत ३ स्टॉपचा (उजेड एक अष्टमांश करणारा) एनडी फिल्टर घ्यावा, की हाय स्पीड सिंकवाला फ्लॅश? हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद घटते, मग छोटा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावून चार-पाच फुटांवरून चेहरा उजळेल का?